ओट्याचं माप

प्रिय चिमे,

तुझा खोकला गेला का? जावईबापूंची कंबर काय म्हणते? धाकटीचे पुढचे दात आले, की अजून फटीतून शिट्टी वाजवते? आणि तुझ्या आईचे गुडघे? तिला मुद्दाम शेवटी ठेवलंय. खरी चौकशी तिचीच आहे.

मी चार दिवस बाहेरगावी दारं बसवायला गेलो, तेवढ्यात आपल्या स्वयंपाकघरातला ओटा चार बोटं उंच झाला. आई म्हणाली, "फरशी हलत होती, गवंडी येऊन गेला." पण सुताराच्या डोळ्यांत धूळ फेकायची म्हणजे जरा जास्तच झालं. दुसऱ्या दिवशी पिशवी भरून ती तुझ्याकडे आली, आठ दिवसांसाठी. आज तेविसावा.

जुना ओटा मीच बांधून घेतला होता. नवं लग्न, तुझी आई ठेंगणी; तिला उभं करून कोपराखाली वीतभर खूण केली. काय मिरवलो होतो! पण तिथे दुसऱ्या कुणाला धड उभंच राहता येईना. भांडी घासताना तू पाठ धरायचीस, तर मी हसायचो. स्वतः एकदाच कप विसळला आणि 'कंबर मोडली' म्हणून निसटलो, तो चाळीस वर्षं.

आता ती सबब गेली. भाजी चिरतो, भांडी घासतो, कंबर चकार शब्द काढत नाही. शेजारच्या मास्तरांनी खिडकीतून टोमणा मारला, "काय, वहिनींनी कामाला लावलं?" म्हटलं, "ओट्याने लावलं." संध्याकाळी ते माझी मापाची टेप मागायला आले.

काल फळीमागे कागद सापडला. तू दिवसभर लोकांच्या वस्तूंचे आराखडे काढतेस, हा घरचा होता, आपल्या ओट्याचा. वर तुझं अक्षर: 'बाबांच्या कोपराखाली एक वीत.' खाली आईचं अक्षर: 'आणखी जरा वर घे, त्यांना वाकायला आवडत नाही.' फोनवर 'कधी येतेस' विचारलं तर ती 'बघू' म्हणते, आणि मागे तू हसतेस.

ओटा माझ्या मापाचा करून गेलेली बाई परत यायची असते का गं? हे विचारायलाच लिहायला बसलो. एक पाट केलाय, चार बोटं उंच, खाली रबर लावून, सरकू नये म्हणून. तिला वाटलं तर त्यावर उभी राहील; नाही तर बसू दे, चहा मी करीन. ती येणार ना, तेवढं खरं कळव. लगेच कळव. पत्र तिला दाखवलंस तरी चालेल.

तुझाच,
बाबा