राहिलेली चार मिनिटे

मी, जया धाऊ वेखंडे, वय वर्षे अठ्ठावीस, शिक्षण बी. ए., काम खासगी शिकवणी व एका छोट्या पत्रिकेचे संपादन, राहणार आटगाव, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाबद्दल तसे सांगता येत नाही. लहानपणी सांध्यांचा ताप आला होता, त्यात त्याची एक झडप खराब झाली. येत्या मंगळवारी मुंबईच्या रुग्णालयात ती बदलायची आहे. डॉक्टरांनी ‘व्हॉल्व्ह’ म्हटल्यावर माझे वडील एकदम निर्धास्त झाले. त्यांचा जन्म तानसाच्या पाइपलाइनवर गेला. ते म्हणाले, “व्हॉल म्हंजे आमचंच काम गो. बदलला का पानी चालू.” मला तेवढी खात्री नाही, म्हणून हा कागद.

आई देवकीबाई हिला कागद मुळीच आवडलेला नाही. “भात झोडायचं पडलंय आन ही मराचा कागद लिवत बसलीय,” असे ती आत्ताच अंगणातून म्हणाली. तिचे म्हणणे नोंदवून पुढे लिहिते.

कलम १. घर आणि शेत माझ्या नावावर नाही. त्याबद्दल मला लिहिण्याचा अधिकार नाही आणि तक्रारही नाही.

कलम २. आटगावच्या पोस्टातील पुस्तकावर जे काही असेल ते आईला मिळावे. ते तिच्या गुडघ्यांसाठी आहे. भाऊ हनुमान याच्या मंडप-साउंडच्या नव्या भोंग्यांसाठी नाही.

कलम ३. माझी पुस्तके आणि इंग्रजीचे दोन शब्दकोश शिकवणीच्या मुलींना द्यावेत. मोठा शब्दकोश काजलला. ती शब्द शोधताना मध्येच दुसरा शब्द वाचत बसते. तिला कोणी रागावू नये.

कलम ४. आता कॅसेट.

त्या आमच्याकडे कशा आल्या हे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी भंगार समजणार नाही. १९९४ साली तानसा धरणावरच्या एका इंजिनियरसाहेबांची बदली झाली. जाताना त्यांनी भरलेल्या कॅसेटचे एक खोके बाबांना दिले. बाबांना त्यावर गावातल्या मंडळींचे भजन भरून घ्यायचे होते. मी बारावीला होते. नावे वाचून दाखव म्हणाले म्हणून मी एक लावून पाहिली, आणि पुढची अकरा वर्षे तिथेच गेली. बाबा दारात उभे राहून विचारायचे, “जये, याला शेवट हाय का नाय गो?” मी म्हणायचे, “हाय, पण लांब हाय.” ते तंबाखू मळून होईपर्यंत ऐकत आणि जात. खोके मात्र त्यांनी परत मागितले नाही. घरातली पहिली पदवी माझी, पण ती मिळण्याआधी मला मिळालेली मोठी गोष्ट हीच होती.

या कॅसेटमध्ये दोन प्रकारची गाणी आहेत. एक प्रोग्रेसिव्ह रॉक: वीस-वीस मिनिटे चालणारी, घाटातल्या रस्त्यासारखी वळत जाणारी गाणी. दुसरे पॉवर पॉप: तीन मिनिटांत गोड चाल, जोरकस गिटार, आणि संपले. या दोहोंच्या बातम्या आणि शिफारशी देणारी ‘लांब गाणी, छोटी गाणी’ ही पत्रिका मी १९९७ पासून काढते. हाताने लिहायची, शहापूरला धर्मादादांच्या दुकानात झेरॉक्स काढायची, पोस्टात टाकायची. तेवीस अंक झाले, वाचक एक्केचाळीस. आपल्या तालुक्यातल्या माणसाला जगातली कोणतीही गोष्ट त्याच्या भाषेत समजली पाहिजे, असे मला वाटे. अजूनही वाटते, फक्त पूर्वीसारखे दम न लागता वाटत नाही.

बातम्या रद्दीतल्या इंग्रजी मासिकांतून घेत असे, म्हणून त्या शिळ्या असत. ‘ग्लास अल्मनॅक’ हा वाद्यवृंद फुटल्याची आणि पुन्हा एकत्र आल्याची बातमी मला एकाच रद्दीत मिळाली. दोन्ही एकाच अंकात, क्रमाने दिल्या.

सर्व कॅसेट मुरबाडचा ओमकार पडवळ याला द्याव्यात. कॅसेटच्या पाठच्या कडेचे दोन छोटे तुकडे मी मोडून ठेवले आहेत, म्हणजे त्यावर नवीन काही भरले जाणार नाही. ती भोके चिकटपट्टीने बुजवून कोणीही हळदीची गाणी भरू नयेत. हे वाक्य हनुमानासाठी आहे. त्याने असे दोनदा केले. पहिल्या वेळेची माफी दिली आहे. दुसऱ्या वेळेची अजून नाही. माझ्या कपाटात पाच कोऱ्या कॅसेट आहेत, त्या आणि टेपरेकॉर्डर बाबांना द्यावा. त्यांचे भजन राहून गेले आहे.

कलम ५. ओमकारविषयी. तो मुरबाडच्या कारखान्यात कामाला आहे आणि त्याला छोटी गाणी आवडतात. अंक बारामध्ये मी लिहिले होते की तीन मिनिटांचे गाणे एसटी स्टँडवरच्या भज्यासारखे, गरम आहे तोवरच खरे. त्याने वर्षभर पत्र टाकले नाही. मग एक कार्ड आले: “स्टँडवर उभं राहून भूक लागली का समजंल तुमाला.” तो बरोबर होता. दवाखान्याच्या रांगेत बसून मी ‘टिन बटन्स’ची छोटी गाणी मनातल्या मनात म्हणते. लांब गाण्याइतका वेळ तिथे मन टिकत नाही. ही माझी जाहीर माघार समजावी. भज्याची उपमा मात्र चांगली होती.

कलम ६. हे कलम लिहायचे मी दोन वर्षे टाळले आहे.

खोक्यातल्या एका कॅसेटवर ‘ग्लास अल्मनॅक’चे एक लांब गाणे आहे. सव्वीस मिनिटे होतात, गायक म्हणतो, “आणि मग मी”, आणि गाणे थांबते. एकदम, वाक्य अर्धे टाकून. १९९९ च्या नवव्या अंकात मी त्यावर दोन पाने लिहिली. लिहिले की वाक्य पुरे करण्याचा मोह टाळायला हिंमत लागते, आणि अर्धे राहिलेलेही पूर्ण असू शकते. मी लिहिलेले सर्वांत चांगले पान तेच, असे वाचक म्हणतात.

त्या वाचकांत एक वैशाखऱ्याचे पंढरी गुरुजी आहेत. निवृत्त शिक्षक. त्यांच्याकडे टेपरेकॉर्डर नाही. गाणी न ऐकता ते फक्त पत्रिका वाचतात. अंक नऊ पोचल्यावर त्यांचे पत्र आले. ते इथे उतरवते: “ताई, आमची मंडळी गेल्या महिन्यात बोलता बोलता गेली. ‘अहो, ते जरा’ एवढेच म्हणाली. ते म्हणजे काय, हे मी रोज घरभर शोधत होतो. डबे उघडले, ट्रंक उपसली. तुमचे पान वाचले आणि शोधणे थांबवले. आता जेवण जाते.”

२००३ च्या उन्हाळ्यात ओमकार मुरबाडहून आला. त्याने ठाण्याहून त्याच गाण्याची सीडी मिळवली होती. पाणी प्यायच्या आधीच म्हणाला, “जया, ते थांबत नाय गो. फुडं हाय अजून.”

मी म्हटले, “दुसरं गाणं असेल.”

“तेच हाय. चार मिनटं हाय. साहेबानं तीस मिनटांच्या बाजूवर भरलंय. आधी एक छोटं गाणं हाय ना, त्यात चार गेली. टेप संपली, दुसरं काय?”

मी म्हटले, “तुला लांबचं कधीपासून कळायला लागलं?”

त्याने सीडी ओट्यावर ठेवली आणि तो दुपारच्या एसटीने गेला. कॅसेटची बाजू संपते हे मला माहीत नव्हते असे नाही. दर तीस मिनिटांनी मी स्वतः ती उलटत होते. तरी वाजता वाजता जे थांबले त्याला मी हिंमत म्हटले. आमच्या घरी जे हाती येते ते पुरेच समजायची सवय आहे. ती मला चांगली वाटत असे.

दुरुस्ती छापायची तर ती गुरुजींच्या दारात जाणार. म्हणून मी छापली नाही. त्यानंतर पाच अंक काढले, खरे लिहावे असे सांगणाऱ्या शिकवण्या घेतल्या, आणि सीडी कपाटात कपड्यांखाली ठेवली. ऐकली नाही. याची थकावट आजाराच्या थकावटीहून वेगळी ओळखता येते. झोपून ती जात नाही.

काल ओमकार सीडी वाजवायचे यंत्र घेऊन आला. मीच बोलावले होते. आम्ही दोघांनी ती चार मिनिटे ऐकली. बाबा दारात उभे होते, तंबाखू मळून झाली तरी गेले नाहीत. गायक म्हणतो, “आणि मग मी दिवा लावला.” बस. पुढे शब्द नाहीत. ऑर्गन एकच सूर धरून राहतो, ढोल सावकाश मागे जातो, आणि गाणे निवांत संपते. बाबा म्हणाले, “आला बग शेवट.” हिमतीचे तिथे काही नाही. घरात येऊन माणूस करतो तेवढेच आहे. मला ते माझ्या दोन पानांपेक्षा चांगले वाटले, आणि हे मान्य करायला जड गेले नाही.

कलम ७. म्हणून पुढीलप्रमाणे करावे. चोविसावा अंक ओमकारने काढावा. त्यात पहिल्या पानावर छापावे: “अंक नऊमधील गाणे अर्धे नाही. अर्धी होती ती आमची कॅसेट. चूक संपादिकेची असून ती दोन वर्षांपासून तिला ठाऊक होती.” यातला एकही शब्द सौम्य करू नये. अंक चाळीस वाचकांना पोस्टाने जावा.

एक्केचाळिसावा पोस्टात टाकू नये. तो, सीडी आणि यंत्र घेऊन ओमकारने वैशाखऱ्याला जावे. दिवसा जावे, गुरुजींचे जेवण झाल्यावर. आधी माझी चूक सांगावी. मग विचारावे, “गुरुजी, पुढचं ऐकायचं का?” नाही म्हणाले तर चहा घेऊन परत यावे. हो म्हणाले तर शेवटची पाच मिनिटे लावावी, म्हणजे अर्धे वाक्य आणि राहिलेले दोन्ही येईल. वाक्याचा अर्थ मराठीत सांगावा. त्यानंतर ते काही शोधायला उठले तर त्यांना अडवू नये, डबे उतरवायला मदत करावी.

हे मृत्युपत्र मी परत आले नाही तरच लागू आहे. आले तर बाबांनी ते चुलीत घालावे, पण कलम सातचे पान आधी फाडून मला द्यावे. चोविसावा अंक मी लिहीन आणि वैशाखऱ्याची एसटी मी धरीन. ओमकारने फक्त यंत्र उचलावे, मला वजन उचलायला मनाई असणार आहे.

वरील मजकूर मी वाचला, आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, “गुर्जींकडं जाताना तांदूळ ने. रिकाम्या हातानं जाऊ नको.” हे कलम सातमध्ये धरावे.

सही: जया धाऊ वेखंडे

आमच्यासमोर सही केली. यातले काहीही आम्हाला मिळणार नाही, म्हणूनच साक्षीला आम्हाला बोलावले आहे.

साक्षीदार १: धर्मा गोमा निमसे, झेरॉक्स दुकान, शहापूर
साक्षीदार २: गिरजा नामा भेरे, अंगणवाडी सेविका, आटगाव

ठिकाण: आटगाव
दिनांक: १२ नोव्हेंबर २००५, शनिवार