मनगटावरचा पहारा

४ फेब्रुवारी

घड्याळ कसलं, पहारेकरी! जावई काल स्वतः येऊन माझ्या मनगटावर बसवून गेले. मागे जिन्यात चक्कर आली, तेव्हापासून लेकीचा एकच धोशा — आई, तू एकटी असतेस, आई, तुझं वय. आता हे काळं चौकोनी प्रकरण माझे ठोके मोजणार आणि त्या दोघांच्या फोनवर पाठवणार. मी कुठे आहे तेही! "आंघोळीलासुद्धा काढायचं नाही हं, आई," जावई गोड हसून म्हणाले. त्यांच्या हाताला तसंच, लेकीच्या हाताला तसंच.

माझं चावीचं घड्याळ त्यांनीच काढून टेबलावर ठेवलं. मला न विचारता. सकाळी चावी दिली की ते आपलं गुमान चालतं. कुणाकडे चुगली करत नाही.

६ फेब्रुवारी

दातांच्या डॉक्टरीणबाई माझ्याकडे गाडी शिकायला येतात. लोकांच्या दाढा उपटताना हात कापत नसेल, स्टिअरिंग धरलं की थरथर! आज वळणावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. माझ्या बाजूच्या ब्रेकवर मी अक्षरशः उभी राहिले. तेवढ्यात मनगटावर गुरगुर — 'शांत व्हा. खोल श्वास घ्या.' समोर टेम्पो, आणि म्हणे शांत व्हा!

लगेच लेकीचा फोन. "आई, ठोके वाढलेत. काय झालं?"

"शिकवतेय. दुसरं काय होणार?"

"बरं... जेवलीस?"

मागून जावयांचा आवाज — काय म्हणतात आई?

ठेवलाच मी.

९ फेब्रुवारी

जिना चढले, फोन. भाजीवाल्याशी हुज्जत घातली, फोन. बरं, कारण कळलं की ठेवावा ना? नाही! "आणखी काय, आई?" "आज कोण आलं शिकायला?" हिला कामधंदा नाही का? शाळेत शिकवायची तेव्हा महिना महिना आठवण यायची नाही. नोकरी सोडली आणि बसली माझ्या मानगुटीवर.

१० फेब्रुवारी

आजही तेच. डोकं फिरलंय. काही लिहीत नाही.

१३ फेब्रुवारी

कहर झाला! डॉक्टरीणबाईंनी गाडी दुभाजकावर चढवली. मी असा ब्रेक मारला की दोघी समोर आदळता आदळता वाचलो. पट्टे होते, खरचटलंसुद्धा नाही. पण या दीडशहाण्याला वाटलं, मी पडले! फोनवर धडाधड निरोप. थांबवायला गेले तर कुठे दाबायचं तेच कळेना.

थोड्या वेळात लेक टॅक्सीतून हजर. पायात घरातल्या चपला, केस सुटलेले. भर रस्त्यात गळ्यात पडून रडायलाच लागली. डॉक्टरीणबाई बघतायत, मागे गाड्यांचे हॉर्न! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओरडले, "मी काय ढोर आहे, दावं बांधून ठेवायला? तुझा संसार सांभाळ! माझ्यात नाक खुपसू नकोस!"

तिचं घड्याळ वाजलं. तिने बघितलं, डोळे पुसले. "निघते, आई." पाणीसुद्धा न पिता गेली. एवढा जीव तुटतो, तर घटकाभर थांबायचं होतं!

१४ फेब्रुवारी

काढलं! जावयांना बोलावलं, म्हटलं, घेऊन जा. त्यांनी उलटसुलट करून बघितलं आणि खिशात टाकलं. "जशी तुमची इच्छा. तिलाही सांगतो, आता सारखा फोन करायची गरज नाही."

किती समजूतदार माणूस! पोटच्या पोरीला एवढी अक्कल असती तर.

१७ फेब्रुवारी

फोन नाही. छान!

२१ फेब्रुवारी

अजून नाही. रुसल्या बाईसाहेब. रुसू दे. दर वेळी मीच का पडतं घ्यायचं?

२४ फेब्रुवारी

घेतलं पडतं. केला फोन. जावयांनी उचलला — "आंघोळीला गेलीय." दुपारी — "झोपलीय." संध्याकाळी — "शेजारी गेलीय." शेजारी जाताना कुणी फोन घरी ठेवून जातं? बोलायचं नसेल तर तोंडावर सांग की! स्वतः लपून बसायचं आणि त्या बिचाऱ्याला खोटं बोलायला लावायचं. एवढा माज! हे संस्कार माझे नव्हेत.

२६ फेब्रुवारी

सकाळी दार उघडलं तर लेक. चालत आलेली, घामाघूम, हातात एक पिशवी. फोन नाही. मनगट रिकामं — पट्ट्याचा पांढरा वळ तेवढा. "चार्जिंगला लावून आले. त्याला वाटेल, मी घरातच आहे."

मग एकेक सांगत गेली. कुठे गेलीस, का थांबलीस, घड्याळ का काढलंस — पावलोपावली जाब. नोकरी त्यानेच सोडायला लावली. मैत्रिणी तोडल्या.

"तुझे ठोके वाढले की तेवढा एक फोन करू द्यायचा, आई. तो समोर बसलेला असायचा, पण तुझा आवाज तरी यायचा. मी वाट बघत बसायचे, तू कधी चिडतेस याची."

आणि मी ते घड्याळ माझ्या हाताने त्याच्या हवाली केलं.

बेल वाजतेय. पोर दचकून उठलीय. म्हटलं, तू आत बस. मी बघते.