बिनपट्ट्याचं खोगीर

नाशिक रोड,
१८ नोव्हेंबर २०२४

मैना,

नावाच्या आधी काय लावायचं असतं ते मला ठाऊक नाही आणि लिहिणारीलाही सुचत नाही, म्हणून नुसतं मैना. सासूचा आशीर्वाद घे. इकडे सगळं ठीक. गुडघे माझं ऐकत नाहीत, पण या घरात माझं ऐकलंय कुणी? घोटीला भाताची कापणी उरकली का? भावाला सांग, यंदा तांदूळ पाठवताना खडे काढून पाठव. गेल्या साली माझा उरलेला दात थोडक्यात वाचला.

फोन सोडून पत्र का, म्हणशील. फोनवर तू "बरं, बरं आई" म्हणतेस आणि ठेवून देतेस. कागदाला तसं करता येत नाही. आणि अक्षर पाहून तुला कळलंच असेल लिहायला कोण बसलंय. तुझी लेक. मला लिहिता येत नाही, तिला गप्प बसता येत नाही, दोघींचं भागतं. बजावलंय तिला, वेदिका, मी सांगेन तसंच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही.

तुळशीचं लग्न झालं, वराती सुरू झाल्या. परवा दारावरून एक घोडी गेली. नवरदेव तिला असा आवळून बसला होता, की लग्न घोडीशीच आहे की काय वाटावं. आपला तबेला आता रिक्षावाल्यांना दिलाय. रिक्षा लाथ मारत नाही हे खरं, पण हाक मारली तर कानही हलवत नाही.

बघ, मी कशी इकडून तिकडे फिरतेय. सांगूनच टाकते. आम्ही खोगीर घेतलं. जुनं, वापरलेलं, इंग्लिश पद्धतीचं.

उठू नकोस, बस खाली.

मलाही आठवड्यापूर्वीच कळलं. कॉम्प्युटरच्या क्लासला म्हणून जायची, ती देवळालीकडे घोडेस्वारी शिकत होती. एक दिवस तिचे बूट दारात पाहिले आणि विचारलं, "कॉम्प्युटरला लीद कुठून आली गं?" तशी रडायला लागली. जानेवारीत पुण्याला स्पर्धा आहे, तिथलं खोगीर तिला मोठं पडतं, शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांत स्वतःचं घ्यायचंय, असं सगळं एका दमात बोलली. तिला माझ्याकडे ठेवताना तू एकच अट घातली होतीस, घोड्यावर बसायचं नाही. विसरले नाही मी. पण चोरून बसणाऱ्या पोरीला तसंच चोरून खोगीर घेऊ द्यायचं, हे काही मला पटेना. म्हटलं, बघायला मी येणार.

झीशानभाई म्हणून आहेत, घोडेस्वारीची शाळा बंद करून सामान विकतायत. मला खुर्ची दिली, चहा दिला, म्हणाले, "आजी, इंग्लंडचा माल. तुमच्या वयाचा असेल, पण बघा कसा मजबूत!"

"बाहेरून मीही मजबूतच दिसते, बाबा," म्हटलं. "उलटं करा ते."

पुढून-मागून दाबलं, आतलं लाकूड करकरलं नाही. बैठक छान, लोण्यासारखी. बाजूची झडप उचलली. खाली चामड्याचे पट्टे असतात, घोड्याच्या पोटाखालून येणारा तंग त्यांनाच अडकवतात. काळेभोर, चकचकीत. वेदिका म्हणाली, "आजी, पट्टे तर नवेच दिसतायत!" मी एक पट्टा उलटा दुमडला. वरचं पॉलिश तडकलं आणि खाली भेगा दिसल्या, मे महिन्यातल्या तळ्यासारख्या.

झीशानभाई वरमले. म्हणाले, "जुना माल आहे आजी. घोडा सावकाश चालवला तर चालेल."

चालेल. मैना, हा शब्द तू आणि मी आधी ऐकलाय.

माझ्या शेखरनं सीझनच्या तोंडावर तंगाला पॉलिश मारलं, शिवून घेतला नाही. आपल्या धंद्यात सगळे तेच करायचे. वरातीची घोडी चालते, पळत नाही, सामान दिसायला चांगलं हवं. तू चुलीपाशी होतीस. म्हणालीस, अहो, टाके सुटलेत, आधी शिवून आणा. तो म्हणाला, वरातीला चालेल. मी पडवीत ज्वारी निवडत होते. तुला वाटत असेल तुझं बोलणं कुणी ऐकलं नाही. मी ऐकलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच तंगावर त्यानं चांदणीला नदीकाठानं पळवलं. तंग तुटला.

पोर थांबलीये. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, आता तिच्याच हातून लिहून घेतेय. विचारतेय, "आजी, पप्पांना माहीत होतं?" हो बाळा, माहीत होतं. हेही लिही.

लोक म्हणाले, घोडी बुजली. तू काही बोलली नाहीस, मीही नाही. गेलेल्या माणसाला बोल कोण लावणार? चांदणी बदनाम होऊन येवल्याच्या बाजारात गेली, तू घोड्यांवर राग धरून घोटीला गेलीस. माझा लेक तेवढा निर्दोष राहिला. आई म्हणून मला ते बरंही वाटलं. इतकी वर्षं बरं वाटलं.

तर, खोगीर घेतलं. पैसे दिल्याबरोबर झीशानभाईंची सुरी मागितली आणि सगळे पट्टे मुळातून कापले. "आजी, माल खराब करताय!" ते ओरडले. म्हटलं, आता आमचा आहे. वेदिका माझ्याशी घरी येईपर्यंत बोलली नाही. तुझाच फुगण्याचा गुण.

एक सांगायचं राहिलं. तिला घोड्यावर पाहिलं मी. शेखरसारखी नाही बसत. तो उडी मारून बसायचा, लोकांनी बघावं म्हणून. ही बसायच्या आधी वाकते, तंग ओढून बघते, घोड्याला फिरवून आणते आणि पुन्हा ओढते. तू घराबाहेर पडताना गॅसचं बटण बघतेस, दारापर्यंत जाऊन परत येतेस आणि पुन्हा बघतेस, अगदी तशी. पॉलिशला फसली, ते शिकेल.

देवळालीच्या कॅम्पात नजीरभाई चामड्याचं काम करतात. नवे पट्टे तेच शिवणार. पण त्यांना सांगितलंय, अजून हात लावू नका, आधी पोरीच्या आईचं उत्तर येऊ दे. तू "नाही" म्हणालीस तर खोगीर असंच भिंतीला टांगलेलं राहील. पोर रडेल, मी आहे तिच्याजवळ. पण नाही म्हणायचं तर तुझ्या भीतीच्या नावानं म्हण. दोष घोड्यावर ढकलू नकोस. आता ती ऐकायची नाही. "हो" म्हणणार असशील, तर तू ये. पट्टे शिवून झाले की तू स्वतः ओढून बघ, अंगात असेल तेवढ्या जोरानं. शेखरनं तुझं ऐकलं नाही. ही ऐकेल. मी समोर उभी राहीन.

तुझ्या त्या निष्काळजी नवऱ्याची आई,
कुसाबाई