फोटोतली यशोधरा

मिरजगाव,
ता. १८ मे १९९७

प्रिय यशोधरास,
सप्रेम जय भीम.

आई-अण्णा बरे आहेत. आईचा गुडघा दुखतो, पण दुखतो म्हणून ती बसत नाही. तू शिकवतेस ती कोपरगावची शाळा सुटली असेल, तरी सुट्टीत तू इकडे येणार नाहीस हे ती आता धरूनच चालते. चार वर्षं झाली.

बातमी अशी, की स्टुडिओ बंद करून मी एम.ए.ला अर्ज करतोय. विषय दृश्य संस्कृती. म्हणजे आपण काय बघतो आणि तसं बघायला आपल्याला कोण शिकवतं, याचा अभ्यास. अण्णा म्हणाले, "फोटो काढाया आता कालेज लागतंय व्हय?"

हा विषय का निवडला, यावर अर्जासोबत एक पान लिहायचं असतं. मी झकास लिहिलंय. ग्रामीण छायाचित्रण, समाजाचं भान, वगैरे. त्यातलं एकही वाक्य खरं नाही, म्हणून खरं ते तुला लिहितोय.

चार वर्षांपूर्वी स्थळांना दाखवायला मी तुझा फोटो काढला होता. चांगलाच आला होता. तरी निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल घेऊन दीड तास बसलो. निगेटिव्हवर जिथं पेन्सिल फिरते, तिथं कागदावर चेहरा उजळतो. लग्नाच्या प्रत्येक मुलीला मी तेच करायचो, लोकांना सांगावंही लागत नसे. तुझ्या वेळी तर खरंच कुणी सांगितलं नव्हतं. आईनं नाही, अण्णांनी नाही. दर जयंतीला समतेवर भाषण ठोकणाऱ्या माझ्याच डोक्यातून ते आलं.

मग सावेडीची माणसं तुला बघायला आली. पोहे देऊन तू बसलीस. मुलाचे मामा फोटो हातात धरून म्हणाले, "ही थोरली दिसती. फोटोतली धाकटी कुठं हाय?"

"मीच ती," तू म्हणालीस. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मी म्हणालो, "तिनंच सांगितलं होतं, जरा उजळ कर म्हणून."

तू एकदा माझ्याकडे बघितलंस. मला खोटं पाडलं नाहीस. त्याचा मला रागच आला होता. भांडली असतीस तर मी सुटलो असतो. गावातल्या बायका अजून म्हणतात, पोरीनं भावाकडून फोटो गोरा करून घेतला. मी ऐकून घेतो. आईला मात्र आज सकाळी खरं सांगितलं. ती चहा तसाच टाकून उठून गेली.

मागच्या आठवड्यात ते निगेटिव्ह शोधून काढलं. टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पेन्सिल पुसली, सगळी निघाली. तुझा खरा चेहरा छापून तुला पाठवायचा, असं ठरवलं होतं. आधी कागदाच्या पट्टीवर छापून बघितलं, दहा सेकंद उजेड दिला की चेहरा जसाच्या तसा येत होता; उजेड कमी पडला की उजळ. डार्करूममध्ये मी एकटाच होतो. कुणाला दाखवायचा नव्हता, कुठलं स्थळ नव्हतं. तरी आठ सेकंदांवर माझ्या हातानं दिवा बंद केला. कागद पाण्यातून काढला तेव्हा कळलं, तू पुन्हा उजळ आली होतीस.

हा हात हे कुठं शिकला, ते मला शोधायचंय. शिकायला जायचं दुसरं काही कारण नाही.

प्रिंट मी फाडून टाकला. निगेटिव्ह सोबत पाठवतोय. कोपरगावात दुसऱ्या कुणाकडून छापून घे. मला परत देऊ नकोस.

तुझ्या नावावर खोटं बोललेला,
भीमराज