दादांच्या नावाची स्प्रिंग

प्रतापनगर, ३ नोव्हेंबर २०२५

चि. मनोहर यास गोपाळचे अ. उ. आ.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून मिहानच्या कंपनीतली ड्यूटी संपल्यावर आमचा पियूष ही चिठ्ठी बेसाला तुझ्या घरी टाकेल. आज चार दिवस झाले, मी इथल्या ट्रस्टच्या दवाखान्यात आहे. उमरेडच्या घरून येतानाच छातीवर कोणी पोतं ठेवल्यासारखं झालं होतं. अँजिओग्राफीत डावीकडची मुख्य रक्तवाहिनी बंद व्हायला आलेली दिसली. डॉ. सुरुची म्हणतात, पंधरवड्याच्या आत बायपास करावंच लागेल, आणि या अवस्थेत दुसरीकडे हलवणं धोक्याचं.

पण कॉम्प्युटर म्हणतो की माझ्या हृदयात २०२१ पासून एक स्प्रिंग आहे. फोटोत ती नाही. कार्डाच्या ऑफिसने आज माझी फाइल अडवून ठेवली, ती सुटेपर्यंत ऑपरेशन नाही. ती स्प्रिंग कोणाच्या छातीत आहे हे तुला सांगायला नको. करोनात तुला अटॅक आला, तुझ्याकडे या दवाखान्याचं मोफत उपचारांचं कार्ड नव्हतं, मी माझं दिलं. तोंडाला मास्क होते आणि कपाळ आपलं दोघांचं सारखंच. आता तू येऊन खरं सांग, एवढंच मागतो. खाली तुझ्या फोटोचा बोर्ड लागला आहे, निरोगी हृदयाचा मंत्र, व्याख्याते मनोहरराव. तपासणीला नेताना मला रोज त्याच्यापुढून ढकलत नेतात.

सध्यातरी तुझा भाऊ,
गोपाळ

बेसा, ५ नोव्हेंबर

ती. दादांस मनोहरचा सा. न. वि. वि.

तब्येतीचं वाचून वाईट वाटलं. पुढचं वाचून डोकं फिरलं. कार्ड मी मागितलं नव्हतं, तुम्हीच खिशातून काढून दिलंत. त्यानंतर चार वर्षं प्रत्येक भेटीत माझ्या छातीकडे बघून हसत आलात. मी विसरू नये म्हणूनच ना?

रविवारी त्याच दवाखान्यात माझं व्याख्यान आहे. मी रोज सहा किलोमीटर चालतो आणि मला गोळी कशी असते हेही माहीत नाही, असं मी सांगतो आणि ज्येष्ठ मंडळी ते खरं मानतात. आता त्यांना सांगू, की मी दुसऱ्याच्या नावावर उपचार घेतले? प्रकरण पोलिसांत जाईल. तुम्ही म्हणा की जुनी नोंद दवाखान्याचीच चूक आहे. नुसते पडून आहात, तर थोडी अक्कल चालवा. घरी मनकर्णेलाही मी हेच समजावलं आहे. वहिनींना नमस्कार.

आपला,
मनोहर

प्रतापनगर, ९ नोव्हेंबर, रविवार

मनोहर भाऊजींस, लिहायची रीत आहे म्हणून आशीर्वाद.

हे पत्र यांना न सांगता लिहिते. आज तुमचं भाषण मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकलं. तेल कमी खा, राग आवरा, घरच्यांजवळ मन मोकळं करा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच वेळी वरच्या मजल्यावर यांच्या जिभेखाली दुसरी गोळी ठेवत होते.

यांनी तुम्हाला लिहिलं नसेल ते मी लिहिते. ऑफिसवाले फाइल अडवली त्याच दिवशी म्हणाले, काकाजी, कार्ड कोणाला दिलं त्याचं फक्त नाव सांगा, फाइल आजच सोडतो. हे म्हणाले, मले आठवत नाही. डॉ. सुरुची रोज येऊन विचारतात आणि हे रोज तेच सांगतात. काहून जीव देऊन राहिले, असं मी चिडून विचारलं तर भिंतीकडे तोंड केलं. मी नाव सांगू नये म्हणून स्वतःची शपथ घातली आहे. उद्याचा दिवस मी ती पाळेन. परवा नाही.

रुख्मिणी

बेसा, ११ नोव्हेंबर

ती. दादांस सा. न.

वहिनींना सांगा, त्यांच्यावर शपथ मोडायची वेळ मी येऊ दिली नाही. सकाळी ऑफिसात गेलो. शर्ट काढून मशीनखाली झोपलो, स्प्रिंग दिसली. लेखी कबुली दिली आहे, पुढे जे व्हायचं ते होईल. बोर्ड काढायला मीच सांगितलं. मग तुमच्या दारापर्यंत आलो होतो. तुम्हाला झोप लागली होती, म्हणून परत फिरलो.

तुम्ही माझं नाव सांगून टाकायला हवं होतं. कबुली लिहिताना वाटली नाही इतकी लाज मला तुमच्या गप्प राहण्याची वाटली, आणि त्याचा मला अजून राग आहे. गुरुवारी ऑपरेशन ठरलं आहे. मी बाहेर बसेन.

मनोहर

उमरेड, २६ नोव्हेंबर

चि. मनोहर यास आशीर्वाद.

ऑपरेशन चांगलं झालं. खोकला आला की छातीशी उशी धरावी लागते. डॉ. सुरुचींनी रागवायचं नाही असं बजावलं आहे, म्हणून सावकाश लिहितो आहे.

त्या दिवशी तू दारात आलास तेव्हा मी जागा होतो. तुझी चाल मला पाठ आहे. डोळे मुद्दाम मिटले.

नाव सांगितलं नाही, कारण तू आपणहून येशील अशी खात्री होती. पहिल्या संध्याकाळी येशील वाटलं, मग दुसऱ्या. रविवारी खालून टाळ्या ऐकू आल्या तेव्हा ती खात्री गेली, तरी नाव तोंडातून निघालं नाही. तू आलास आणि माझा जीव वाचला, हे मी नाकारत नाही. पण त्याला आठ दिवस लागले, आणि तेही वहिनीची भीती वाटली तेव्हा.

गोळ्या वेळेवर घेत जा. आता त्या तुझ्या नावाने मिळतील.

माझा लोभ आहे, तो काही जात नाही. तो वाढावा अशी विनंती मात्र या पत्रात करत नाही.

गोपाळ