तुरीच्या लॉटची मूळ नोंद

२ जून, सोमवार
तुरीच्या बियाण्याचे तीन जुने लॉट, उगवण चाचणीची मुदत संपलेले. रोखायला हवे होते — आमच्या बियाणे कंपनीच्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमनं पास केले! पिशव्या खटकचिंचोळीच्या दुकानात पोचल्यासुद्धा. गोदामाचे महादेवप्पा फोनवर ओरडले, "मॅडम, तुमचं मशीन मेलेलं बी जितं करायलंय की!" आणि पेरणी तोंडावर.

३ जून
पिशव्या परत आल्या. सगळ्या. देवाची कृपा!
आता मॅनेजर महेशकुमारांना दोषी माणूस हवा आहे. "मागच्या आठवड्यात प्रोग्रॅमला हात कुणी लावला? शैलश्रीनं. संपलं." शुक्रवारी तिला काढल्याचं पत्र.
पोरीनं डबा उघडला नाही. "अक्का, म्या तारखेला हातच लावला न्हाई. कामून माझ्यावरच ढकलायलेत?" तिला कामाला मीच घेतलं होतं.

४ जून
दिवसभर कोड वाचला. सापडलं.
लेबल छापणाऱ्या प्रोसिजरला, म्हणजे प्रोग्रॅममधल्या त्या तुकड्याला, लॉटची अख्खी नोंद जाते — वाण, वजन, चाचणीची तारीख, सगळं एकत्र. पण नक्कल नाही, मूळच! आत चाचणीच्या तारखेच्या जागी पॅकिंगची, म्हणजे त्या दिवसाची तारीख भरली जाते, लेबलापुरती. बाहेर आल्यावर मूळ नोंदच बदललेली. आजवर छपाई सगळ्यात शेवटी व्हायची, म्हणून निभावलं. शैलश्रीनं छपाई नोंद साठवायच्या आधी घेतली, एवढंच; नवी तारीख साठली आणि जुने लॉट ताजे ठरले.
शाळेतल्या सिस्टर ॲग्नेस आठवल्या. "ट्रू कॉपी द्या, मुलींनो. मूळ मार्कशीट कुणाच्या हाती नाही!" निळा शिक्का, तिरकी सही. किती जपायच्या आम्हाला.
आणि ही प्रोसिजर माझी. ती आखूड नावं, ती मांडणी — स्वतःचा हात कोण विसरेल? सत्तावीस वर्षांपूर्वी कॉम्प्युटरची मेमरी पुरायची नाही. म्हणून नक्कल करायचं टाळलं होतं मी.

५ जून
महेशकुमारांना सांगितलं. दार लावून हसले. "मॅडम, चार महिन्यांत रिटायर होणार तुम्ही. गप ऱ्हावा. पोरगी तरुण हाय, लागंल कुठंबी."
आणि मी गप्प बसले. त्यांच्यासमोर चहासुद्धा प्याले!

६ जून, शुक्रवार
सकाळीच सगळं लिहून, सही करून दिलं. शैलश्रीचं पत्र थांबलं.
तिला सांगायला गेले, तर मान खाली. "सोमवारीच चूक बघितली होती, अक्का. प्रोसिजरच्या वर तुमचं नाव होतं. म्या काढून टाकलं."