बत्तीसनंतरची पानं

प्रिय दादा,

हे पत्र हातात पडलं की वाचायच्या आधी तू कागद दोन बोटांत चोळून बघशील, नाक मुरडशील आणि घडी तिरकी घातली म्हणून मनातल्या मनात मला चार शब्द सुनावशील. खुशाल सुनाव. फोनवर आपण तब्येत आणि हवापाणी यांच्यापुढे जात नाही, आणि मला आज त्याच्या पुढचं बोलायचंय.

गेल्या महिन्यात एका शाळेत गेले होते. एका चिमुरडीने विचारलं, तुम्ही लेखिका कशा झालात? या प्रश्नाचं उत्तर मला तोंडपाठ आहे. वडील बाइंडर होते, घरात पुस्तकं होती, वाचनाची गोडी लागली. नेहमी टाळ्या पडतात. या वेळी मात्र उत्तर अर्ध्यावरच अडकलं आणि मी पाणी प्यायचं नाटक केलं.

कारण घरात पुस्तकं होती म्हणजे काय होतं, हे तुला आणि मलाच ठाऊक आहे. शाई पसरलेले, घडी चुकलेले फॉर्म बाबा छापखान्यातून घरी आणायचे. एकेक फॉर्म म्हणजे सोळा पानं छापलेला, घडी घालायचा मोठा कागद. मिळतील तेवढे शिवून ते आपल्याला पुस्तक करून द्यायचे, पण मधला एखादा कधी मिळायचाच नाही. राजा सोळाव्या पानावर घोड्यावर बसायचा आणि पुढच्या म्हणजे तेहतिसाव्या पानावर एकदम म्हातारा! मधलं तू सांगायचास. आईच्या शिलाई मशीनशेजारी, चिंध्यांच्या गाठोड्याला टेकून, डोळे मिटून. मला वाटायचं, पुस्तकं अशीच असतात आणि घरोघरी मधलं सांगायला एक दादा असतो. शाळेत पहिल्यांदा अख्खं पुस्तक मिळालं तेव्हा मी चक्क हिरमुसले होते.

मग बाबांची बोटं थरथरायला लागली आणि आठवीतून शाळा सोडून तू छापखान्यात त्यांच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलास. तुझं दप्तर मला मिळालं. ते नवं असल्यासारखी मी मिरवले, याची आता लाज वाटते. शाळेत बाईंनी आम्हाला मनाने गोष्ट रचून लिहून आणायला सांगितली. मी तू रचून सांगितलेलं शिंपी अस्वल माझं म्हणून लिहून नेलं, वादळात फाटलेली नदी टाके घालून जोडणारं. बाईंनी ती मासिकाला पाठवली. छापून आली तेव्हा तुझे हात खळीने माखलेले होते, म्हणून मी अंक तुझ्यासमोर धरून उभी राहिले. तू पूर्ण वाचलीस आणि एवढंच म्हणालास, की शेवट छान उतरलाय. मी सुटकेचा निःश्वास टाकला. तुझी हरकत नाही असं मी माझ्या सोयीने ठरवून टाकलं.

पुढे ती गोष्ट पहिल्या पुस्तकात गेली. मी बाकी पुष्कळ लिहिलं रे, आणि ते माझंच आहे, पण मुलं अजून मला अस्वलवाली मावशी म्हणतात. तुला आठवत असेल, तुझी लेक सहा वर्षांची असताना पाहुण्यांसमोर म्हणाली होती, की ही तर आमच्या बाबांची गोष्ट आहे. तू हसून म्हणालास, छे गं, आत्याचीच आहे. मी तिथेच बसले होते. एक वाक्य बोलायचं होतं. मी बशीतली खारी उचलली आणि खात बसले.

आता मूळ मुद्दा. त्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय. ताडून बघायला प्रकाशकांनी पहिल्या आवृत्तीची प्रत मागितली, म्हणून तू माझ्यासाठी मुद्दाम लाल कापडात बांधून दिलेली प्रत काढली. एकतीस वर्षं ती कपाटात काचेआड आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवलीय, पण उघडली कधीच नव्हती. आपलंच पुस्तक कोण उघडतं? शाळेत जायच्या आदल्या दिवशी उघडली. पान बत्तीसनंतर थेट एकोणपन्नास. बरोबर अस्वलाचीच सोळा पानं नाहीत. आधी वाटलं, फॉर्म राहून गेला. मग आठवलं की उभ्या आयुष्यात तुझ्या हातून एकही फॉर्म राहिलेला नाही.

एकतीस वर्षं तू वाट बघत होतास, दादा. मधलं या वेळी मी सांगावं म्हणून. आणि मी पुस्तक काचेतूनच बघत राहिले. माझं फार चुकलं.

सोबतच्या पुडक्यात लाल प्रत आहे आणि नव्या आवृत्तीतला तिसरा फॉर्म, पान तेहतीस ते अठ्ठेचाळीस. पहिल्या पानावर गोष्टीच्या नावाखाली तुझं नाव छापलंय आणि पुढच्या अर्ध्या पानात ही सगळी हकिगत. तुला विचारून छापायचं नव्हतं, तू नको म्हणाला असतास. पण लाल प्रतीची शिवण सोडवून त्यात हा फॉर्म शिवायचा की नाही, ते तू ठरव. फॉर्मला मी घडी घातलेली नाही. ती तुझ्यासारखी मला कधीच जमली नाही.

तुझीच,
तुझ्या मागे मागे फिरणारी शेपूट